जोनाथन हार्वी : घंटा ऐकू येते, पण गाणं कुठंय?

बेसूर : मंडळी, इंग्लिश रचनाकार जोनाथन हार्वी (१९३९–२०१२) यांची ‘मॉर्टुओस प्लँगो, विवोस वोको’ दोनदा ऐकली. एक घंटा, एक लहान मुलगा, बाकी नऊ मिनिटं नुसतं घुमणं. ना ताल, ना चाल. माझं काय चुकतंय?

खर्ज : फोनच्या स्पीकरवर ऐकलंत ना? मग निम्मं तिथंच सांडलं. मूळ रचना आठ ट्रॅकची, म्हणजे आठ वेगवेगळ्या ध्वनिवाटांची. श्रोत्यांच्या भोवती स्पीकर; म्हणजे आपण घंटेच्या पोटात बसलोय आणि पोराचा आवाज आत भिरभिरतोय.

घंटा इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलची (मोठं चर्च), तिथली सगळ्यात मोठी. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय : पळत्या घटका मोजते, मेलेल्यांसाठी रडते, जिवंतांना प्रार्थनेला बोलावते. नाव त्यातूनच आलं. आणि गाणारा मुलगा हार्वींचाच, तिथल्याच कॉयरमधला, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातला. १९८० साली पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत संगणकावर टोलातले स्वर सुटे करून हे रचलं. आठ भाग, प्रत्येक भाग टोलातल्या एकेका स्वरावर उभा.

तंबोरा छान लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक बोलतो, तसा कान इथे लावा. फक्त घंटेतला गंधार कोमल, आणि वरचे बरेच स्वर षड्जाच्या सरळ पटीत बसत नाहीत. तुम्हाला खटकतंय ते हेच. त्यात गंमत म्हणजे टोलात एक ‘एफ’ (पाश्चात्त्य स्वराचं नाव) स्पष्ट ऐकू येतो, पण संगणकावरच्या पृथक्करणात तो सापडत नाही!

मी तिसऱ्या वेळी एवढंच धरून बसलो : पोरगा कुठे संपतो आणि घंटा कुठे सुरू होते. एका जागी सांगताच येईना. अंगावर काटा आला.

रियाझचोर : मला हे सगळं वाचायला जास्त आवडतं, ऐकायला कमी. त्यांचं ‘भक्ती’ (१९८२) बघा : पंधरा वाद्यं, टेप आणि ऋग्वेदातल्या ऋचांचा आधार. नावावरून अभंगाची वाट बघू नका. मी बघितली होती.

बेसूर : फोनच होता, कबूल. आत्ता हेडफोन लावून ऐकलं. या खेपेला चिडलो नाही, एवढीच प्रगती. खर्जबुवा, ती जागा साधारण कितव्या मिनिटाला?

खर्ज : नाही सांगणार. आणि हेडफोनवर आठ ट्रॅकचे दोनच होतात, तेवढी सूट द्या.