अनुभव धागा: तुमच्याकडे 'लोकल' कशाला आणि कुणाला म्हणतात?

मंडईत काकडी हातात घेतली की भाजीवाल्या मावशी सांगतात, "लोकल आहे ताई, खाऊन बघा." मग किलोमागे दहा रुपये जास्त गेले तरी आपण कुरकुरत नाही. तिथून चार पावलांवर मोबाइलच्या दुकानात चार्जर मागितला तर प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ का लोकल?" इथे लोकल म्हणजे निम्म्या किमतीचा, आणि गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. शब्दकोशातल्या 'स्थानिक'वर हे भागत नाही. तुमच्या कामात, गावात, परदेशात हे विशेषण कसं वापरलं जातं ते लिहा. रेल्वेची लोकल कृपया वगळा, नाहीतर मुंबईकर दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाहीत.

डोंबिवलीहून
वगळा काय वगळा! ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, तेव्हापासूनचा आमचा हक्क आहे. आमच्याकडे हे विशेषण उरलेलंच नाही, ते स्त्रीलिंगी नाम झालंय. लोकल येते, चुकते, रखडते. बास, गप्प बसतो.

सांगली, टू-व्हीलर गॅरेज
आमच्या धंद्यात पार्टचे तीन प्रकार: कंपनीचा, लोकल आणि डुप्लिकेट. गिऱ्हाइकाला शेवटचे दोन एकच वाटतात, पण तसं नाही. लोकल पार्टच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं, किंवा नुसती कोरी पिशवी असते. डुप्लिकेटवर मोठ्या कंपनीचं नाव खोटं छापलेलं असतं. म्हणजे लोकल हा स्वस्त माल, डुप्लिकेट ही फसवणूक. मी गिऱ्हाइकाला विचारून लोकल टाकतो आणि बिलावर तसं लिहितो. आता यातली खरी गंमत ऐका. हा 'लोकल' माल सांगलीत कुणी बनवत नाही. तो येतो दिल्लीहून, लुधियान्याहून. आणि 'कंपनीचा' म्हणून ज्याचे जास्त पैसे घेतो, त्यातला बराचसा आपल्या चाकण-पुण्याच्या पट्ट्यात तयार होतो.

नाशिकहून
दादा, मग ब्रेकला लोकल टाकावा का?

सांगली, टू-व्हीलर गॅरेज
अजिबात नाही. ब्रेक, क्लच, बेअरिंग, चेन कंपनीचीच. आरसा, मडगार्ड, सीट कव्हर खुशाल लोकल टाका.

भूलतज्ज्ञ, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव
आम्ही 'लोकल' म्हणतो तेव्हा तेवढीच जागा बधिर करायची असते. बोटाला टाके घालायचे, पाठीवरची चरबीची गाठ काढायची, दात उपटायचा, अशा कामांना लिग्नोकेनचं इंजेक्शन पुरतं. पेशंट जागा राहतो, बोलतो, तासाभरात घरी जातो. एका आजोबांच्या गाठीसाठी मी त्यांच्या मुलाला म्हणाले, "लोकलमध्ये होऊन जाईल." तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, पैशाकडं बघू नका. लोकल नको, चांगल्यातलं द्या." बरं, 'चांगल्यातलं' म्हणजे 'जनरल', पूर्ण भूल, असं सांगावं तर तेही हलकंच वाटतं, कारण जनरल म्हटलं की जनरल वॉर्ड आणि जनरल डबा! आजोबांच्या हृदयाची अवस्था बघता पूर्ण भूल ही उलट जास्त जोखमीची होती, हे समजवायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ गेला. हल्ली मी 'जागेवरची भूल' आणि 'पूर्ण भूल' असंच म्हणते. नर्स मात्र अजून ट्रे मांडताना "लोकल का मॅडम?" असं ओरडून विचारतेच, आणि नातेवाइकांचे चेहरे पडतात.

मडगाव
गोव्यात मासळी बाजारात पहिला प्रश्न भावाचा नसतो. आधी "लोकल?" असं विचारायचं. २०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे मृतदेह टिकवायचं रसायन असल्याचा गवगवा झाला, सरकारने काही दिवस बाहेरची मासळी अडवली, तेव्हापासून तर जास्तच. विकणारी प्रत्येक जण "लोकल" म्हणतेच. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दोन महिन्यांत सगळ्या टोपल्या 'लोकल' कशा असतील, हे ज्याचं त्याने ओळखावं. मी कल्ले उचलून बघते आणि गप्प राहते.

मालवण
वरच्या ताईंना अनुमोदन. आमच्याकडे लोकल म्हणजे बर्फ न लागलेलं. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातलं, ताजं असेल तर भावाला घासाघीस करायची नाही.

पुणे, जुना व्यापारी
लोकल म्हटलं की मला महापालिकेचा लोकल बॉडी टॅक्स आठवतो. जकात गेली आणि १ एप्रिल २०१३ ला हे आलं. दुकानं बंद ठेवून भांडलो. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींखालच्या उलाढालीची सुटका झाली. पुढचं लिहीत नाही, रक्तदाब आहे.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी
कॉलेजात आम्ही 'लोकलाइट', बाकीचे 'होस्टेलाइट'. लोकलाइट म्हणजे डब्यात पोळीभाजी आणणारी, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कुठल्याही ग्रुपला नको असलेली.

दुबई, मूळ सातारा
इथे 'लोकल' म्हणजे अमिराती नागरिक. "समोरची गाडी लोकलची आहे" असं म्हटलं की चालवणारा आपोआप अंतर ठेवतो. घरमालक लोकल, खात्यातला मोठा साहेब लोकल. मी इथे कितीही वर्षं काढली तरी लोकल होणार नाही. साताऱ्यात माझा धाकटा भाऊ हाच शब्द शिवीसारखा वापरतो, "काय लोकल कपडे घातलेत!" सुट्टीवर आलो की पहिले दोन दिवस हा शब्द ऐकून गोंधळायला होतं.

एमआयडीसीशेजारचं गाव
आमच्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली. शेजारच्या कारखान्याच्या गेटवर आयटीआयची कागदं घेऊन गेलो. कंत्राटदाराच्या माणसाने आधारकार्डावरचा पत्ता बघितला आणि म्हणाला, "लोकल आहेस, तुझं नाही जमायचं." दहा किलोमीटरवर भाड्याने राहणाऱ्या, परजिल्ह्यातल्या माझ्या मित्राला त्याच आठवड्यात घेतलं. गेटवरच्या पाटीवर 'स्थानिकांना प्राधान्य' लिहिलेलं आहे, ती मी रोज बघतो. भाजीत लोकल चालतो, कामगारात नाही.

एचआरमध्ये काम करणारी
तुमच्या कारखान्याशी माझा संबंध नाही, पण दुसरी बाजू सांगते. सरकारी धोरणातला 'स्थानिक' म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला. त्या हिशेबाने तुमचा परजिल्ह्यातला मित्रही त्यात बसू शकतो आणि कागदावरचा आकडा भरतो. गेटवरचा 'लोकल' म्हणजे ज्याचं घर गेटवरून दिसतं तो. सणाला, सुगीला, भावकीतल्या लग्नाला सुट्टी घेईल आणि भांडण झालं तर गाव घेऊन येईल, ही भीती.

एमआयडीसीशेजारचं गाव
सुट्टी बाहेरचेही घेतात. दिवाळीला तेही गावाला जातात, आणि आठ-आठ दिवस येत नाहीत. तेव्हा ओव्हरटाइमला बोलवायला फोन आम्हालाच येतो.