येशूच्या गोष्टी आणि जुने देव: उचललं किती, जुळलं किती?

कासवचाल:
दर नाताळला तेच फॉरवर्ड फिरतं, की रोमन देव मिथ्रस २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला, इजिप्तच्या होरस देवाला बारा शिष्य होते, म्हणून येशू कॉपी. त्या यादीवर मला बोलायचंच नाहीये. पण तिच्यामुळे खरी उदाहरणंसुद्धा लोक उडवून लावतात, आणि ते मला पटत नाही, कारण ग्रीक-रोमन कथांचा नव्या करारावर, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागावर, ठसा आहे आणि चांगला ठळक आहे.

रोम्युलस घ्या. रोमन इतिहासकार लिव्ही (मृत्यू इ.स. १७) सांगतो की रोमचा हा पहिला राजा सैन्याची पाहणी करत असताना वादळ झालं, दाट ढगाने त्याला झाकलं आणि ढग विरला तेव्हा आसन रिकामं होतं. मग प्रोक्युलस ज्युलियस नावाचा माणूस सभेत येऊन सांगतो की आज पहाटे रोम्युलस आकाशातून उतरून मला भेटला, रोमकरांसाठी निरोप दिला आणि परत वर गेला. आता नव्या करारातलं लूकचं शुभवर्तमान (येशूची जीवनकथा) आणि त्याला जोडून त्याचंच पुढचं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, वाचा. कबर रिकामी, अम्माऊस गावाच्या वाटेवर उठलेल्या येशूची शिष्यांशी भेट, शिष्यांना पृथ्वीच्या टोकापर्यंत जायचा निरोप, आणि शेवटी ढगाने नजरेआड केलं. लूक लिहितोय ग्रीकमध्ये, वाचणारे रोमन साम्राज्यातले, आणि रोम्युलसची गोष्ट तिथे कोणाला नवीन नव्हती.

दुसरं, ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'बाकाय' नाटक, इ.स.पू. ४०५. मद्याचा देव डायोनिसस, त्याच्या भक्त बायकांना कोंडतात तर बेड्या आपोआप गळतात, दारं उघडतात, पुढे भूकंप होतो. आणि कृत्यांमध्ये फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला हे ख्रिस्ती प्रचारक असताना काय होतं? भूकंप, दारं उघडी, बेड्या सुटल्या.

आणि साक्षीदार खुद्द ख्रिस्ती आहे. इ.स. १५५ च्या आसपास जस्टिन हुतात्मा रोमन सम्राटाला लिहितो की येशू मेला, उठला, स्वर्गात गेला असं आम्ही म्हणतो त्यात तुमच्या झ्यूसच्या मुलांपेक्षा वेगळं काही सांगत नाही, आणि अस्क्लेपियस, हेराक्लीस, डायोनिसस अशी नावंही घेतो. दुसऱ्या शतकातल्या माणसाला साम्य दिसत होतं तर आपण ते नाकारायचं कशाला?

मंडईकर:
जस्टिनचा पॉइंट नेहमी अर्धाच सांगितला जातो. तो अर्ज करतोय, सम्राट अँटोनायनस पायसकडे, ख्रिस्ती लोकांना नुसत्या नावावरून शिक्षा होत होत्या म्हणून. अशा वेळी माणूस म्हणणारच की बाबांनो तुमच्याकडेही असंच मानतात, मग आम्हालाच का मारता. त्यातून साम्य सिद्ध होतं, उचलेगिरी नाही. पुढे तर तो उलटंच म्हणतो, की सैतानांनी संदेष्ट्यांचं ऐकून आधीच नकली गोष्टी पसरवल्या.

आणि मिथ्रस बाजूला ठेवून चालणार नाही, कारण लोक त्यावरच विश्वास ठेवतात. रोमन मिथ्रस खडकातून जन्मतो, तोही तरुण म्हणून, आई नाहीच. त्याची भुयारी मंदिरं पहिल्या शतकाच्या अखेरीपासून सापडायला लागतात, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या बरोबरीने. भिंतीवर बैल मारतानाचं शिल्प असतं, भोवती राशीचक्र, कथा लिहिलेली जवळजवळ नाही. होरसची आई इसिस ही ओसायरिसची बायको, त्याच्या मृत शरीरापासून तिला गर्भ राहतो, कुमारी कुठून आली त्यात?

माझं म्हणणं सरळ आहे. येशूच्या गोष्टींमध्ये उसनं भरपूर आहे पण ते घरातलं, म्हणजे यहुदी शास्त्रातलं आहे (ख्रिस्ती लोक त्यालाच जुना करार म्हणतात). अलीशा संदेष्टा वीस भाकरीत शंभर माणसं जेवू घालतो आणि उरतं (२ राजे, अध्याय ४), येशू पाच भाकरी दोन माशांत पाच हजार, आणि उरतं. त्याचा गुरू एलीया विधवेचा मेलेला मुलगा उठवतो आणि आईच्या हवाली करतो, लूकमध्ये नाईन गावच्या वेशीवर विधवेचा मुलगा उठतो आणि येशू त्याला आईच्या हवाली करतो. हेरोद राजा बेथलेहेमची बाळं मारतो ती मत्तयच्या शुभवर्तमानातली गोष्ट म्हणजे इस्राएली बाळं मारणारा इजिप्तचा राजा फारो आणि त्यातून वाचलेला मोशे. योसेफस या यहुदी इतिहासकाराने तर मोशेची गोष्ट सांगताना, एका इजिप्शियन पंडिताने भविष्य वर्तवलं म्हणून फारो घाबरला, असंही घातलंय, जे मत्तयशी आणखी जुळतं. हाच योसेफस हेरोदाची एवढी पापं मोजतो पण बेथलेहेमच्या बाळांबद्दल एक ओळ नाही. हाताशी एवढं असताना डायोनिससकडे कोण जाईल?

पूर्वा:
सगळे ग्रीस आणि इस्राएलमध्येच फिरताय. जन्माआधी भविष्य, राजाला भीती, बाळांची हत्या, रात्रीत पळवून नेणं, गोपाळांमध्ये वाढणं, हे कृष्णाचं आहे हे कोणाला दिसत नाही का? रोमशी आपला व्यापार होता, भडोचहून, केरळातल्या मुझिरिसहून जहाजं जायची, माल गेला तर कथा का नाही जाणार? अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट बुद्धाचं नाव घेतो, म्हणजे माहिती पोचतच होती ना.

शिलालेख:
पूर्वाताई, क्लेमेंट इ.स. २०० च्या आसपासचा. चारही शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्या कितीतरी आधीची, साधारण ७० ते १०० या काळातली. तो बुद्धाचं नाव घेतो यावरून पहिल्या शतकात कृष्णकथा पॅलेस्टाइनला माहीत होती असं होत नाही.

आणि या तुलनेचा इतिहास फार बोलका आहे, विशेषतः आपल्यासाठी. १८६७ मध्ये वेबर या जर्मन पंडिताने म्हटलं की जन्माष्टमीवर ख्रिस्ती प्रभाव आहे. आणि १९१३ मध्ये आपल्या पुण्याच्या रा. गो. भांडारकरांनी लिहिलं की आभीर टोळ्यांनी बालदेवाची भक्ती बाहेरून आणली, आणि कदाचित ख्रिस्ताचं नावसुद्धा. भांडारकर! म्हणजे तीच साम्यं धरून बाण अगदी उलट दिशेला. साम्य बघून दिशा ठरत नाही याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

वासुदेवाची भक्ती ख्रिस्ताआधीची आहे यात शंका नाही. जुन्नरजवळ नाणेघाटातल्या सातवाहन लेखात संकर्षण-वासुदेवाला वंदन आहे, आणि विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने उभा केलेला गरुडस्तंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. पण दोन्हीकडे गोकुळ नाही, कंस नाही. बालपणाची गोष्ट आपल्याला हरिवंशात भेटते आणि त्याच्या काळावर वाद आहे. शिवाय बाळाच्या जिवावर उठलेला राजा सगळीकडे आहे, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या सायरस राजाबद्दल तेच सांगितलंय. मत्तयला मोशे घरात असताना मथुरेला यायची गरज नव्हती.

पूर्वा:
गरज नव्हती म्हणजे झालं नाही असं नाही. पण हरिवंशाचा काळ निश्चित नाही म्हणून आमचं बाद, आणि भांडारकरांनी अंदाज बांधला तर तो शंभर वर्षं चर्चेत. निकष दोन्हीकडे सारखाच लावा.

शिलालेख:
लावतोय की. भांडारकरांचा तो अंदाजही मी मान्य करत नाहीये.

दादरपूर्व:
इराण कसं सुटलं? इथे वाट दाखवता येते. इ.स.पू. ५३९ ला सायरसने बाबिलोन घेतलं, यहुदी लोक त्यानंतर दोनशे वर्षं इराणी राज्यात होते. त्या आधीच्या ग्रंथांत देवाचा कायमचा शत्रू म्हणून सैतान नाही, मेलेले उठून न्याय होणार ही कल्पनाही नीट नाही. जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकात ती स्पष्ट येते. आणि इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक थिओपोंपस सांगून गेलाय की मागी, म्हणजे इराणी पुरोहित, यांच्या मते माणसं पुन्हा जिवंत होतील. मत्तयने बाळाला भेटायला मागीच आणले. कथेपेक्षा विचार उसना आला, आणि तो थेट न येता यहुदी घरातून आला, म्हणून मंडईकर म्हणतात ते 'घरातलं' सगळं मुळात घरातलंच आहे असं धरू नका.

वसईकर_आगर:
मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी मिस्साला जातो, आणि मला या चर्चेचा त्रास होत नाही. २५ डिसेंबरचं बायबलमध्ये नाहीच. ३५४ सालच्या रोमन पंचांगात एकीकडे ख्रिस्तजन्म आणि एकीकडे अजिंक्य सूर्याचा दिवस, एकाच तारखेला आहेत. कोणी कोणाचा घेतला यावर वाद आहे, कारण २५ मार्चला क्रूस आणि गर्भधारणा धरून नऊ महिने मोजायची पद्धतही होती. ते सणाचं झालं.

पण पुनरुत्थानाला कासवचाल जे लावताहेत ते काळात बसत नाही. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे क्रूसानंतर पंचवीसेक वर्षं. त्यात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं: तो मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बाराजणांना दिसला. हे त्यालाही आधीच्यांकडून मिळालेलं, आणि आधीचे म्हणजे गालीलातून यरुशलेमला आलेले यहुदी मच्छीमार. त्यांच्या डोक्यात रोम्युलस होता असं मानायला काही आधार दिसत नाही.

कासवचाल:
वसईकर, पौलाची यादी जुनी आहे हे शंभर टक्के मान्य, मी तिच्याबद्दल बोलतच नाहीये. पण त्या यादीत ढग आहे का? वाटेवरची भेट आहे का? पौल फक्त 'दिसला' म्हणतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, गोष्ट १६:८ लाच थांबते, बायका घाबरून पळतात आणि संपलं, कोणाला दर्शन झाल्याची गोष्टच नाही. प्रसंग रंगवून येतात ते नंतर, आणि डोळ्यांदेखत ढगात जाणं फक्त लूकच्या लेखणीतून. विश्वास यरुशलेमचा असेल, पण तो सांगायचा साचा लूकने कुठून घेतला हा माझा प्रश्न आहे.

मंडईकर:
२ राजे, अध्याय २. एलीया वावटळीतून वर जातो, अलीशा बघत राहतो, आणि बघितलं म्हणून त्याला एलीयाच्या आत्म्याचा वाटा मिळतो. कृत्यांमध्ये शिष्य बघत राहतात आणि पुढच्याच अध्यायात त्यांना पवित्र आत्मा मिळतो. ढग दानीएलच्या सातव्या अध्यायात आहे, मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी आकाशातल्या मेघांसह येतो. रोमला जायची गरज कुठे पडली?

कासवचाल:
एलीया मरत नाही. तो वर जातो तो गेलाच, आपल्या माणसाला परत भेटून निरोप देत नाही. रोम्युलस देतो. वर जाण्याचा अर्धा भाग एलीयाचा असेल, मी मानतो, पण नाहीसं झाल्यावर येऊन 'जा आणि सगळ्यांना सांगा' म्हणणारा जुन्या करारात मला एक दाखवा.