आजोबांच्या तंबाखू ओढायच्या ब्रायर पाइपचं टोक दांडीतच तुटलंय, दांडीलाही चीर. नागपुरात दुरुस्त होईल का?

धरमपेठकर:
पाइप ब्रायर लाकडाचा, काळं स्टेम (तोंडात धरायची नळी) एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. स्टेमचं दांडीत शिरणारं टोक, म्हणजे टेनन, मुळातून तुटून आतच अडकलंय. तुटलेल्या तोंडावर व्हर्नियर लावला तर जाडी ८ मिमी, हवेचं भोक साडेतीन. दांडी १५ मिमी जाड, तिच्या काठापासून आत साधारण ९ मिमी केसासारखी चीर. कंपनीचा शिक्का थेट काठाला भिडलेला. घरचे म्हणतात फेविक्विक लाव आणि मोकळा हो. लावू का? कारागिराकडे द्यायचा तर काय सांगून द्यायचा?

खरादवाला४४०:
फेविक्विक नको भाऊ. हिशेब करा: ८ मिमीचं वर्तुळ, मधे साडेतीनचं भोक, उरते जेमतेम ४० चौरस मिमीची कडी. पाइप दातात धरला की अख्ख्या स्टेमचा वाक त्या कडीवर येतो. फेविक्विक ताण सोसतं, वाक सोसत नाही. वरून एक थेंब बाजूनं ओघळला की अडकलेला तुकडा लाकडाला कायमचा बसला.

तुकडा काढायला बहुतेक जण स्क्रू फिरवून ओढायला सांगतील. तुमच्या दांडीला चीर आहे, तिथे स्क्रू पाचरीचं काम करेल. त्याऐवजी पाइप-क्लीनर (लव लावलेली तार) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रात्रभर भोकात ठेवा, आतलं तंबाखूचं कीट मऊ पडतं. बाहेरच्या पॉलिशला मात्र लागू देऊ नका, शेलॅक (लाखेचं पॉलिश) असेल तर उतरून येईल. पूर्ण सुकलं की अर्धा तास फ्रीजरमध्ये, कारण एबोनाइट लाकडापेक्षा जास्त आकसतं. तरी हललं नाही तर ४, ५, ६, ७ मिमीचे ड्रिल एकामागून एक हातानंच फिरवून पोखरा आणि उरलेली पातळ साल सुईनं आतल्या बाजूला पाडा. मशीन नको, बिट अडकला की तुकड्यासकट दांडी फिरते.

सराफओळ:
चिरेच्या टोकाशी भिंग लावून १ मिमीपेक्षा बारीक भोक पाडा, चीर तिथे थांबते. मग पातळ सुपरग्लू, तो आपोआप आत खेचला जातो. वरून इतवारीत चांदीचं कडं करून घ्या, दांडीपेक्षा ०.१ मिमी कमी. कडं तापवून चढवायचं, गार झालं की आवळतं. लाल होईस्तोवर तापवू नका, लाकूड करपेल.

खरादवाला४४०:
कडं दिसतं छान, पण शिक्का त्याच्याखाली जाईल, आणि अशा पाइपची अर्धी किंमत त्या शिक्क्यातच असते. इथे आतून नळी बरी. चीर चिकटली की भोक ९ मिमी करायचं आणि बाहेरून ९, आतून ८ मिमीची स्टेनलेसची नळी इपॉक्सीनं बसवायची. बाजूला ३ मिमी लाकूड उरतं, पुरेसं आहे. कोणतीही वाट धरा, टेनन सगळ्यात शेवटी. कडं दांडीला आवळतं, नळी भोकाचं माप बदलते. आधी टेनन करून ठेवलं तर ते एक तर घुसणार नाही, नाही तर डुलेल. सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात.

टेननला डेलरिनची (कडक प्लास्टिकची) कांडी घ्या. हिंगणा एमआयडीसीत लेथवर छोटी कामं करणारे आहेत, कागदावर मापं लिहून द्या. नायलॉन देऊ केलं तर नको म्हणा, ते ओल धरून फुगतं. स्टेमचं तोंड काटकोनात सपाट, मग ६ मिमीचं भोक १२ मिमी खोल. स्टेम पुढे चपटं होत जातं, म्हणून भिंत किती उरते ते आधी मोजा. जुनं हवेचं भोक नेमकं मध्यावर असेलच असं नाही. त्याच्या मागे ड्रिल गेला तर जोडावर पायरी राहते, नखाला लागते.

डेलरिनला कोणताही डिंक नीट धरत नाही, म्हणून चिकटणाऱ्या भागावर आटे पाडा. हळू सुकणारं इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइट, भोकातून व्हॅसलीन लावलेला पाइप-क्लीनर, आणि स्टेम दांडीत बसवूनच २४ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात कालवलेलं अ‍ॅराल्डाइट लवकर घट्ट होतं, थोडंथोडंच कालवा.

धरमपेठकर:
आभार. स्टेम हिरवट-पिवळं झालंय, तेही आत्ताच काढू?

सराफओळ:
एबोनाइटमधलं गंधक उजेडानं वर येतं. सगळं चिकटवून झाल्यावर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, ४००, ८००, १०००, २००० नंबर याच क्रमानं. खरवडताना गंधकाचा वास येईल, घाबरू नका. जोडाजवळ पेपर फिरवताना स्टेम दांडीतच ठेवा, नाही तर कडा गोल होऊन फट दिसते. पुढे शोकेसमध्ये ऊन येईल असा ठेवू नका. आणि ओढणार असाल तर गरम पाइपचं स्टेम कधी काढू नका, टेनन त्यानंच तुटतं.