देवनागरी फॉन्ट : आधी बोरू की थेट स्क्रीन?

काना_मात्रा
ग्लिफ्स या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा देवनागरी फॉन्ट चालू आहे. न, प, ग थेट स्क्रीनवर काढले, ठीक झाले. ‘क’ आणि ‘भ’ मात्र लाकडी दिसतात. कागदावर काढून ऑटोट्रेस केला (म्हणजे स्कॅनवरून बाह्यरेषा सॉफ्टवेअरलाच काढू दिली) तर एकट्या ‘क’च्या बाह्यरेषेला साठाच्या वर बिंदू आले. हाताने काढणं आज लागतंच का, आणि लागलं तर किती?

बोरूशाई
लागतं, पण सगळी वर्णमाला नको. ‘क’ लाकडी दिसतो कारण जाडी चुकीच्या जागी पडते. देवनागरी बोरूचा (तिरक्या कापाच्या लेखणीचा) काप रोमन निबच्या उलटा : वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड, तिच्या आडवी जाणारी बारीक. रोमन ‘ओ’चा गोल उचलून पोट केलं की ते उलटं फुगतं.

४ मिमीचा बोरू घ्या, शिरोरेषेपासून पायापर्यंत २० मिमी ठेवा. बोरू नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने बांधा. दोन्ही कडा वेगळ्या उमटतात आणि ‘क’चा उजवा पाय कुठे वळताना बारीक होतो ते लगेच कळतं. कागद गुळगुळीतच हवा. खडबडीत कागदावर शाई पसरते, कडेला दाते पडतात, आणि ऑटोट्रेस त्या प्रत्येक दात्याला बिंदू देतो. तुमचे साठ तिथूनच आले असणार.

बेझिए
ऑटोट्रेस सोडाच. ३०० डीपीआयवर ग्रे स्कॅन, ग्लिफ्सच्या मागे ठेवून लॉक करा. बिंदू फक्त वळणाच्या टोकांवर : सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हँडल (बिंदूतून निघणाऱ्या, वळणाला आकार देणाऱ्या दांड्या) सरळ आडवे किंवा उभे. दांडा, पोट आणि पाय वेगळे काढून एकमेकांवर चढू द्या, एक्स्पोर्ट करताना जोडा.

शिरोरेषा मात्र स्कॅनवरून गिरवू नका. ती सगळीकडे एकाच उंचीची, एकाच जाडीची. अक्षराच्या १००० युनिटच्या (फॉन्टमधलं मोजमाप) चौकटीत ती दोन्ही बाजूंना १०-१५ युनिट बाहेर काढा, नाहीतर स्क्रीनवर अक्षरांमध्ये पांढरी फट दिसते.

काना_मात्रा
मग कागदावर नेमकी कोणती काढू?

बोरूशाई
क, भ, ह, झ, क्ष, ज्ञ. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श, ते हिंदीवाल्या फॉन्टमधून उचलले की वाचणाऱ्याला खटकतातच. ‘व’वरून ‘ब’, ‘प’वरून ‘ष’ स्क्रीनवरच होतात.

जोडाक्षरांत द्ध, ह्म आणि ष्ट कागदावर जुळवा. ‘द्ध’साठी ‘ध’ ६० टक्के केला की रेघही ६० टक्केच उरते आणि तो भाग फिका पडतो. आकार लहान, पण जाडी जवळपास मूळची असा पुन्हा काढावा लागतो. ‘ऱ्य’मधला पापणीसारखा अर्धा र विसरू नका.

बेझिए
एक भर. कागदावरच्या २० मिमीच्या अक्षरात ‘ष’ची पोटातली जागा ऐसपैस वाटते, १० पॉइंटला ती शाईने भरते. प्रत्येक पान झेरॉक्सवर २५ टक्के करा, मग तेच पुन्हा ४० टक्के. त्यात भरलेलं दिसलं तर पोट मोठं करा किंवा आतली रेघ बारीक करा, आणि तेव्हाच स्कॅन करा.