मूळ परीकथाच भयंकर होत्या की!
वरती कोणीतरी म्हटलंय की परीकथांचे हॉररपट काढून लहानपणाची वाट लावतात. अहो पण ग्रिमबंधूंची सिंड्रेला वाचा, त्यात सावत्र बहिणी बुटात पाय मावावा म्हणून एक अंगठा कापते नि दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. डिस्नेचं गोड गोड व्हर्जन हे नंतरचं प्रकरण.

२०२५ चा नॉर्वेजियन 'द अग्ली स्टेपसिस्टर' बघाच (जेवताना नको, प्लीज). गोष्ट तीच पण सावत्र बहिणीच्या बाजूने. राजपुत्राला आवडावी म्हणून पोरीचं नाक छिन्नीने फोडून सरळ करतात, पापण्यांवर सुईदोऱ्याने केस शिवतात, आणि बारीक व्हायला ती चक्क टेपवर्मचं अंडं गिळते, म्हणजे खात सुटायचं आणि आतला जंत परस्पर फस्त करणार. मला सगळ्यात जास्त भीती आईची वाटली, भुतंबितं लागतच नाहीत.

विचित्रच हवं असेल तर पोलंडचा 'द ल्युअर', २०१५ चा. दोन जलपऱ्या ऐंशीच्या दशकातल्या वॉर्सॉच्या नाइटक्लबात गातात आणि मधूनमधून माणसं खातात, वर म्युझिकल! शेपट्या नाजूक वगैरे नाहीत, लांबलचक, बुळबुळीत, ईल माशासारख्या. आणि गंमत म्हणजे शेवट हान्स अँडरसनच्या मूळ 'लिटल मर्मेड' (छोटी जलपरी) या गोष्टीला धरून आहे, डिस्नेपेक्षा कितीतरी जास्त. 'ग्रेटेल अँड हॅन्सेल' (२०२०) मात्र नुसता दिसायला भारी, मला तरी जांभया आल्या.