जुन्या .२२ रिमफायर काडतुसांचं वय कसं काढायचं?

ओहायोकर:
इथल्या एका इस्टेट सेलमध्ये मासेमारीच्या सामानाचा डबा घेतला. तळाशी रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीच्या .२२ काडतुसांचं खोकं निघालं, शिवाय मूठभर सुटी. बुडावर कुठे U, कुठे H. साल नाही. कधीची असतील? एखाददुसरं शोपीस म्हणून नाशिकला न्यावं म्हणतोय.

गंजका_खिळा:
U म्हणजे युनियन मेटॅलिक कार्ट्रिज (यूएमसी), H म्हणजे विंचेस्टर, दोन्ही काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या. पण त्यावरून वय निघत नाही. H हे १८६० च्या हेन्री रायफलीपासून चालत आलंय आणि विंचेस्टरने ते विसाव्या शतकातही सोडलं नाही. यूएमसी १९१२ मध्ये रेमिंग्टनमध्ये मिसळली, तरी U ठोकणं सुरूच राहिलं. लष्करी .३०३ च्या बुडावर साल मिळतं, ती चैन इथे नाही.
खरा जन्मदाखला खोकं. सगळ्या बाजू बघा, विशेषतः पत्ता. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल झोन असेल तर १९४३ ते ६३ चा काळ. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचं नाव असेल तर १९३३ च्या आधीचं नाही, कारण रेमिंग्टन त्यांच्याकडे तेव्हा गेली. बारकोड दिसला तर विषयच संपला, अलीकडचं खोकं.

ओहायोकर:
‘क्लीनबोअर’ लिहिलंय. पत्ता ब्रिजपोर्ट, कनेटिकट. झोन नाही, झिप नाही, ड्यूपॉन्टही नाही.

गंजका_खिळा:
मग मजा आहे! काडतुसाचा बार पेटवणाऱ्या जुन्या मिश्रणाने बंदुकीची नळी गंजायची. ते बदललं आणि रेमिंग्टनने क्लीनबोअर हे नाव १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणलं. त्याआधीचं खोकं नाही, झिप नाही म्हणजे १९६३ नंतरचंही बहुधा नसावं. माझा कल तिशीच्या दशकाकडे, पण ड्यूपॉन्ट नसणं हा पुरावा नव्हे. फोटो टाका.

मोजपट्टी:
सुटी आधी मापाने वेगळी करा. .२२ चे नेहमीचे प्रकार शॉर्ट, लाँग, लाँग रायफल; कंसात ते आले ते साल. शॉर्टचं (१८५७) पितळी कवच साधारण ११ मिमी लांब. लाँग (१८७१) आणि लाँग रायफल (१८८७) यांचं पितळ सारखंच, १५ मिमीच्या आसपास, फरक गोळीत. लाँगला शॉर्टचीच २९ ग्रेन वजनाची, लाँग रायफलला ४० ग्रेनची. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका. लकाकी येते, संग्राहक पळतात.

गंजका_खिळा:
घासणं सोडाच, पक्कड लावून गोळी उपटायलाही जाऊ नका. रिमफायरमध्ये स्फोटक कडेच्या आतच असतं, कडेवर दाब पडला की बार. उडवूनही बघू नका.

सातारी_बाणा:
नाशिकचं डोक्यातून काढा. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बाळगणंही शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा. विमानतळावर बॅगेत सापडलं तर सुट्टी पोलीस ठाण्यात. आजोबांच्या परवान्यावरची काडतुसं घरात उरली असतील त्यांनीही कलम २१ वाचावं: ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असतात.

ओहायोकर:
बरं झालं विचारलं. नाशिकला फोटोच नेतो. खोक्याचे सहा बाजूंचे संध्याकाळी टाकतो.