व्हेरॉनिका बरी झाली, पण कुणामुळे?

पानगळ:
पाउलो कोएलो यांची 'व्हेरॉनिका डिसाइड्स टू डाय' (१९९८) ही कादंबरी परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या वेळी इतकी आवडली होती की भेटेल त्याला वाचायला सांगत होते. या वेळी शेवटाशी आले आणि राग आला. आवडणं अजून गेलेलं नाही, रागही जात नाही, म्हणून लिहितेय. (शेवट उघड करणार आहे. वाचली नसेल तर इथेच थांबा.)

गोष्ट थोडक्यात अशी. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरातली २४ वर्षांची व्हेरॉनिका जीव द्यायचा प्रयत्न करते आणि व्हिलेट नावाच्या मनोरुग्णालयात शुद्धीवर येते. तिथले डॉ. इगॉर सांगतात की हृदय कायमचं बिघडलंय, हातात पाच दिवस, फार तर आठवडा. त्या दिवसांत ती एडुआर्डच्या प्रेमात पडते. तो राजदूताचा मुलगा, स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला, कुणाशीही न बोलणारा. दोघं तिथून पळून जातात. मग आपल्याला कळतं की तिचं हृदय ठणठणीत होतं. डॉक्टर प्रयोग करत होते. हृदयाचे झटकेसुद्धा औषध देऊन आणलेले.

पियानोची पानं मला आजही तितकीच लागली. आधी ती पट्ट्यांवर नुसते हात आपटत राहते. आईवरचा, स्वतःवरचा, सगळ्या जगावरचा राग. तो ओसरल्यावर कुठे बोटांतून सूर यायला लागतात. पुढे एडुआर्ड उभा राहून ऐकतो, काही बोलत नाही. कुणी समजूत काढत नाही, उपदेश करत नाही, फक्त ऐकतं. माणूस सावरायला लागतो तो असाच, असं मला मनापासून वाटतं.

पण मरणच खोटं होतं, तर ज्या धाडसाने ती त्याच्याकडे वळली ते धाडस कुणाचं? आणि सगळ्यात बोचलं ते हे, की तिला शेवटपर्यंत कुणी खरं सांगतच नाही. डॉक्टरांना माहीत, आपल्याला माहीत. जिचं आयुष्य आहे तिलाच तेवढं माहीत नाही.

आडवाट:
पानगळ, तुम्ही डॉक्टरला फारच मोठा करताय. मुदत खोटी असेल, पण पियानो तिनेच वाजवला ना? आठवडाभरात मरणार म्हटल्यावर माणूस भिंतीकडे तोंड करून पडूनही राहू शकतो. ती उठली.

शिवाय लिहिणारा कोण आहे ते बघा. कोएलोंना तरुणपणी, १९६०च्या दशकात, आईवडिलांनीच तीनदा मनोरुग्णालयात टाकलं होतं, विजेचे झटकेही दिले गेले. कादंबरीत ते स्वतः पात्र म्हणून येतात आणि हे सांगतात. 'वेडा' हा शिक्का कुणावर आणि कोण मारतं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ही बोधकथा आहे. तिला रुग्णालयाचे नियम लावू नका.

निळी शाई:
आडवाट, नियम मी लावणार. माझ्या भावाला एडुआर्डचंच निदान आहे. तो पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आला त्या महिन्यात मला कुणीतरी हे पुस्तक प्रेमाने दिलं. वाचलं आणि कितीतरी दिवस एकच विचार डोक्यात घर करून बसला, की आमची माया कमी पडली म्हणून तो असा झाला.

तसं नव्हतं. गोळ्या, झोप, ठरावीक वेळा, न चिडता ऐकून घेणारं माणूस, आणि हो, मायासुद्धा. पण माया गोळ्यांच्या बरोबरीने, त्यांच्या जागी नाही. एडुआर्ड एका रात्रीत बाहेर पडतो आणि लेखक सकाळी पुस्तक मिटतो. मला त्याच्या पुढच्या आठवड्याचं पान हवं होतं.

अजून एक. व्हिलेटमधल्या झेडका या रुग्ण बाईला उपचार म्हणून इन्सुलिन देऊन बेशुद्ध करतात. कथा १९९७ सालची आहे. तोपर्यंत ही पद्धत जवळपास सगळीकडे कधीच बंद पडली होती. लेखकाने आपल्या तरुणपणीचं रुग्णालय उचलून पुढच्या काळात ठेवलंय असं वाटतं. त्यांचं दुःख समजतं. पण आज उपचार घ्यायला घाबरणाऱ्या माणसाच्या हातात हे पुस्तक पडतं तेव्हा काय होत असेल?

वळीव:
सगळे व्हेरॉनिकावरच अडलेत. मारी वाचा! चांगली चाललेली वकील, एक दिवस सिनेमा बघताना छातीत धडधड सुरू होते, मग नोकरी जाते, नवरा जातो. बरी झाल्यावरही ती व्हिलेटमध्येच राहते कारण बाहेरची भीती वाटते. आणि शेवटी निघते. कुणाच्या प्रेमात न पडता. बरं होणं मला तिच्यात दिसलं.

पानगळ:
वळीव, मारी मलाही फार आवडते. पण ती निघते ती व्हेरॉनिकाला मरताना बघून, म्हणजे त्याच खोट्याच्या धक्क्याने. एका मुलीला न विचारता वापरलं आणि अख्खं व्हिलेट हललं. हेच मला पचत नाही.

आडवाट:
निळी शाई, तुमचं वाचून थांबलो. भावाचं तुम्ही म्हणता ते मान्य. तरी पुस्तक वाईट म्हणवत नाही. ज्या ब्राझीलमध्ये लेखकाला डांबलं होतं, तिथे २००१ साली कायदा झाला. आता इच्छेविरुद्ध कुणाला दाखल केलं तर ७२ तासांत सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. व्हिलेटच्या भिंतींबद्दलचा त्यांचा राग खोटा नव्हता, एवढंच मला म्हणायचंय.

पानगळ:
राग खरा होता, म्हणून तर इगॉर जास्त टोचतो. भिंतींवर इतकं चिडणाऱ्या लेखकाने सगळ्यात मोठा निर्णय त्या भिंतींच्या मालकाच्याच हाती ठेवला. मला एकच प्रसंग हवा होता. इगॉर तिच्यासमोर बसतात आणि सांगतात, "तुला काही झालेलं नव्हतं." त्यावर ती काय करते, ते वाचायचं होतं. त्यानंतरही ती एडुआर्डकडे गेली असती तर मी डोळे मिटून मानलं असतं.

निळी शाई, भाऊ आता कसा आहे?

निळी शाई:
बरा आहे. गोळ्या चालू आहेत. काल संध्याकाळी स्वतःहून येऊन शेजारी बसला, बराच वेळ.